तुटायला हवी होती ती फळी

फळी तुटली नाही. सगळी अडचण तिथून सुरू झाली.

सकाळचे साडेनऊ वाजले होते. आम्ही कुवेतच्या उपसागरात, शुवैखच्या जहाजदुरुस्तीच्या यार्डापासून जेमतेम दीड किलोमीटरवर होतो. समुद्र सपाट होता. बोटीच्या मागचं मोठं लाल चाक छान फिरत होतं आणि मी मागच्या डेकवर वही घेऊन त्याचे फेरे मोजत होते. मिनिटाला चौदा. तेवढ्यात बोटीच्या पोटाखालून काहीतरी खरडत आल्याचा आवाज आला. कुठल्याशा जेट्टीचं सुटलेलं जुनं लाकूड होतं, माणसाच्या उंचीएवढं. ते चाकात शिरलं आणि चाकाची एक फळी आणि बोटीची मागची तुळई यांच्यामध्ये अडकलं. चाक क्षणभर थांबलं. इंजिन थांबलं नाही. मग जो दणका बसला, त्याने माझी वही हातातून उडाली.

कॅप्टनने इंजिन बंद केलं. कुणाला लागलं नाही. एका छोट्या टगने आम्हाला ओढत परत आणलं.

यार्डात चाक तपासलं. सोळाच्या सोळा फळ्या शाबूत होत्या. जिच्यावर लाकूड आपटलं होतं तिला फक्त ओरखडा होता. पण ती फळी ज्या पोलादी आऱ्यांवर बसवली होती त्यांतला एक वाकला होता. दोन बोल्ट सैल झाले होते. आणि चाकाचा मुख्य दांडा, म्हणजे शाफ्ट, ज्या बेअरिंगमध्ये फिरतो, त्या बेअरिंगच्या घराला केसाएवढी चीर गेली होती. असा आणखी एक दणका बसला असता तर शाफ्टच गेला असता. तसा शाफ्ट आखातात कुणी करत नाही. बारा दिवसांनी, फेब्रुवारीअखेरच्या राष्ट्रीय दिनाच्या सुट्टीत, बोट लोकांसाठी सुरू व्हायची होती.

मी नेव्हल आर्किटेक्ट आहे. नाव भारदस्त आहे. काम म्हणजे बोटींची ड्रॉइंग, वजनाची गणितं आणि तपासणीचे रिपोर्ट. आमचं ऑफिस लहान आहे. या बोटीवर माझ्याकडे दोन कामं होती. एक, चाकाच्या नव्या फळ्यांचं ड्रॉइंग. दुसरं, खालच्या डेकवर लावायच्या फलकाचा मजकूर: बोटीचा इतिहास आणि वैशिष्ट्यं. दुसरं काम माझ्याकडे आलं कारण ऑफिसात सगळ्यांत बरं इंग्रजी माझं आहे, असं साहेबांना वाटतं. पहिलं आलं कारण ते सोपं समजलं गेलं.

या बोटी मुळात नदीच्या. अमेरिकेतल्या नद्या रुंद, पण उथळ आणि गाळाच्या. खाली पंखा असलेली बोट तिथे वाळूत रुतायची. चाकाला जास्त खोली लागत नाही. पाण्यात हातभर बुडलेल्या फळ्या पाणी मागे लोटतात आणि बोट पुढे जाते. काही बोटींना चाकं दोन्ही बाजूंना असत. त्या वळायला चपळ. आमच्या बोटीसारख्या काहींना एकच रुंद चाक, मागे. पुढून वाहत येणारे ओंडके आधी बोटीच्या अंगाला लागतात, चाकाला नाही, हा त्यातला विचार. निदान बहुतेक वेळा.

बोटीचा तळ परातीसारखा सपाट. अशी लांब, पातळ बोट दोन्ही टोकांना खाली वाकू बघते, कारण इंजिन एका टोकाला आणि बॉयलर दुसऱ्या. म्हणून टोकापासून टोकापर्यंत उंच खांबांवरून लोखंडी सळ्या ताणून बांधतात. झुलत्या पुलासारखं काम. प्रवासी त्यांना शोभेचे समजतात. वरची दोन उंच धुरांडी ठिणग्या डेकपासून लांब पडाव्यात म्हणून उंच, आणि पुलाखालून जाताना आडवी पाडता यावीत म्हणून त्यांना बिजागऱ्या. आधी या बोटी माल वाहायच्या. रेल्वे आली, माल गेला. मग मालकांनी मधल्या भिंती काढून टाकल्या, गुळगुळीत लाकडाची नाचाची फरशी घातली आणि बोटी सहलींसाठी चालवायला लागले. वाफेच्या शिट्ट्यांची एक पेटी असायची, तिच्यावर बाहेरच्या डेकवरून गाणी वाजवत. ती गावभर ऐकू गेली की लोक डबे घेऊन धक्क्यावर येत.

आमची बोट तशी सहलीसाठीच बांधलेली, आणि वाफेवर कधीच न चाललेली. डिझेल इंजिन, त्याच्यावर तेलाच्या दाबाने फिरणारी मोटर, तिच्यावर चाक. एका धुरांड्यात आता एसीचं यंत्र आहे, दुसरं रिकामं आहे. ती आधी नदीवर होती, मग एका तलावावर, मग बरीच वर्षं नुसती बांधून ठेवलेली. तिथून मोठ्या जहाजावर चढवून इथे आणली. तिचं जुनं नाव मी लिहीत नाही. नवं नाव 'दाना', म्हणजे टपोरा मोती.

मालकांना सगळे बू नासर म्हणतात, नासरचे वडील. सत्तरीचे, मिस्किल. मला ते बिन्ती, म्हणजे माझी मुलगी, म्हणत. माझा मजकूर वाचून ते म्हणाले, "बिन्ती, ह्यात राजे बसले होते असं लिही."

"कोणते राजे?"

"कोणतेही. तुला आवडेल तो."

"तशी नोंद नाही, सर."

"मग शाळेची मुलं बसायची एवढंच लिहिणार?"

"हो. त्याची नोंद आहे."

ते हसले आणि कागद परत दिला. ज्या देशात एकही नदी नाही तिथे नदीची बोट का आणली, हे मी त्यांना कधी विचारलं नाही. विचारायला हवं होतं. कदाचित त्यांच्याकडे चांगलं उत्तर असेल.

आता मेस्त्री, म्हणजे यार्डातले सुतार. देवगडजवळच्या एका गावचे, वय अठ्ठावन्न. कुवेतमध्ये एकोणीस वर्षं, माणसं पुरवणाऱ्या एका कंपनीच्या कॉन्ट्रॅक्टवर. फहाहीलला एका खोलीत पाच जण राहतात. गावाकडे मच्छीमारी बोटी बांधायचे. यार्डात त्यांचं नाव कुणी घेत नाही, सगळे मेस्त्रीच म्हणतात. मी काका म्हणते. मी चार वर्षांची असताना आईबाबांबरोबर इथे आले, इंग्रजी शाळेत शिकले. घराबाहेर मराठी बोलायला मला फार माणसं नाहीत. ते मालवणी बोलायचे, मी घरचं पुणेरी बोलायचे, आणि अर्ध्याहून जास्त कळायचं.

बोट आली तेव्हा चाकाच्या जुन्या फळ्या कुजलेल्या होत्या. एकीचाही रंग दुसरीशी जुळत नव्हता. काही करड्या, काही पिवळट, बोल्टही वेगवेगळे. मला तो निष्काळजीपणा वाटला. मी मापं घेतली, ड्रॉइंग केलं. लाकडाच्या रकान्यात काय लिहावं ते मला माहीत नव्हतं. जुनं लाकूड भिजून, सडून ओळखू येत नव्हतं. मी ड्रॉइंग घेऊन मेस्त्रींकडे गेले.

त्यांनी कागद उन्हात धरून पाहिला. म्हणाले, "काय गो बाय, सागवान घालूया मां? धा वर्सां हलाचा नाय. आणि बोल्ट जाड घालतंय, मागसून पट्टी."

मी म्हटलं, "हो काका."

एवढंच. त्या माणसाने माझ्या वयापेक्षा जास्त वर्षं लाकडात घालवली होती. मी त्यांना काय विचारणार होते? रकान्यात मी लिहिलं, 'हार्डवुड, साइटवर ठरेल तसं', आणि खाली माझी सही केली.

फळ्या सुंदर झाल्या. बू नासर मुद्दाम बघायला आले. त्यांच्या आजोबांचं मोठं शिडाचं जहाज सागवानाचंच होतं, लाकूड हिंदुस्थानातून यायचं. त्यांनी फळीवरून हात फिरवला आणि आपल्या मोडक्या हिंदीत म्हणाले, "शाबाश मिस्त्री. ये लकडी हमारे बच्चे का बच्चा देखेगा." त्या दिवशी मेस्त्रींनी सगळ्यांना चहा पाजला.

दणका बसला त्या दुपारी आमचे साहेब यार्डात आले. हानी नाव, इजिप्तचे, हुशार, घाईचे. त्यांनी वाकलेला आरा पाहिला, चीर पाहिली, सैल बोल्ट हाताने फिरवून पाहिले.

"लाकूड आणि बोल्ट कोणी ठरवले?" त्यांनी इंग्रजीत विचारलं.

मेस्त्रींना तेवढं इंग्रजी कळतं. ते पुढे आले. "मैंने, सर. अपने दिमाग से."

मी दोघांच्या मध्ये उभी होते. मेस्त्रींनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. मी काही बोलले नाही.

गाडीकडे जाताना साहेब म्हणाले, "सरळ आहे. बोल्ट नीट आवळले नव्हते. फळी हलली, जोर आऱ्यावर गेला. रिपोर्टमध्ये वर्कमनशिप लिही. गुरुवारी हवाय."

"पण सर, बोल्ट दणक्यानंतर सैल झाले असतील."

"असतील. सिद्ध कर. नाही तर वर्कमनशिप. यल्ला, चल लवकर."

वर्कमनशिप म्हणजे कारागिराची चूक. हा शब्द रिपोर्टमध्ये गेला की पुढे काय होतं, ते मला माहीत होतं. मेस्त्रींचा इकामा, म्हणजे इथे राहायचा परवाना, त्याच महिन्यात संपत होता. कंपनीला तो पुन्हा न काढायला एवढं कारण पुष्कळ होतं. धाकट्या मुलीचं नर्सिंगचं एक वर्ष राहिलं होतं. "एक वर्स आणखी, मगे बस," असं ते बऱ्याचदा म्हणायचे.

तो दिवस सोमवार होता. बोटीबरोबर पाच खोकी जुने कागद आले होते, यार्डच्या स्टोअरमध्ये. फलकासाठी मी त्यातलं एकच उघडलं होतं, ज्यात जाहिराती आणि फोटो होते. मंगळवारी मी उरलेली चार उघडली. खरं सांगायचं तर मी सुटका शोधत होते. काहीतरी असं, ज्यात मेस्त्रींचीही चूक नसेल आणि माझीही.

तिसऱ्या खोक्यात इंजिनरूमच्या रोजच्या वह्या होत्या. कुणातरी शिस्तीच्या माणसाच्या अक्षरात. तेल, तास, दाब. आणि दर काही पानांनी एक ओळ, बहुतेक तशाच शब्दांत: ओंडका लागला, एक फळी गेली, बदलली. एका पानावर: दोन फळ्या गेल्या, नाच चालू होता, कुणाला कळलं नाही. दुसऱ्या पानावर स्टोअरची यादी होती. तयार फळ्या, हलकं पाइनचं लाकूड, वीस. बारीक बोल्ट, दोन डबे. आणि समासात त्याच अक्षरात एक सूचना नव्या माणसासाठी: ओकच्या, म्हणजे सागवानासारख्या टणक लाकडाच्या, फळ्या लावू नयेत, मागच्या वेळी आरा गेला होता.

मी ती सूचना तीन वेळा वाचली.

घरातल्या विजेच्या फ्यूजसारखं आहे हे. जास्त वीज आली तर फ्यूजची तार जळते आणि फ्रीज वाचतो. कुणी तिथे जाड तार घातली तर फ्यूज जळत नाही, फ्रीज जळतो. चाकाची फळी हा त्या बोटीचा फ्यूज होता. ती तुटण्यासाठीच होती. जुन्या फळ्यांचे रंग जुळत नव्हते, कारण प्रत्येक फळी वेगळ्या दिवशी तुटली होती. ते मी डोळ्यांनी पाहिलं होतं, मोजलं होतं, आणि निष्काळजीपणा समजले होते.

म्हणजे मेस्त्रींचे बोल्ट आधीपासून सैल नव्हते. सगळं फार पक्कं होतं. आणि पक्कं करू का, असं त्यांनी मला विचारलं होतं.

साहेबांकडे जाण्याआधी मी मेस्त्रींकडे गेले. ते बाहेर सावलीत डबा खात होते. मी वही दाखवली, वाचून सांगितलं, फ्यूजचं सांगितलं. त्यांनी डबा बाजूला ठेवला.

"म्हंजे फळी तुटाक व्हयी होती?"

"हो काका."

"मी तुटतली अशी फळी करू?"

मी वही मिटली.

"बाय, चाळीस वर्सां ह्या हातांनी काम केलंय. मेस्त्री, तुजा लाकूड तुटला, असा कोणी म्हणूक नाय." त्यांचा आवाज चढला नव्हता. तेच मला जास्त लागलं. "ह्यां गोऱ्यांचा कायतरी वेगळाच."

मी म्हटलं, "सागवानाला मीच हो म्हटलं होतं. रिपोर्टमध्ये मी तसं लिहिणार आहे."

आता ते खरंच चिडले. "येडी काय तू? तुजा नाव घालू नको. तुजी नोकरी नवी आसा. माका काय, घराक जातलंय, माडाखाली बसतलंय. लिव, मेस्त्रीन केला."

"तुम्ही मला विचारलं होतंत, काका. विचारणं तुमचं काम होतं, ते तुम्ही केलंत. उत्तर देणं माझं होतं."

"तू काय उत्तर दिलंस? हो म्हणालंस. सगळेच हो म्हणतत."

त्यांनी डबा बंद केला आणि आत निघून गेले. परत घरी पाठवलं जाईल याचं त्यांना वाईट वाटलं असेलच. पण तुटणारं लाकूड करायचं, हे त्यांना त्याहून जास्त लागलं होतं. ते मला आधी कळलं नव्हतं.

बुधवारी सकाळी मी यार्डात पोचले तेव्हा ते दाराशीच उभे होते. हातात सुतळीचा तुकडा.

"काल जेवताना आठावला," ते म्हणाले. "आमच्याकडे नांगर कसो बांधतत म्हायत हा?"

मला माहीत नव्हतं. त्यांनी जमिनीवर एक लोखंडी तुकडा ठेवला आणि दाखवलं. किनाऱ्याजवळ खडपावर, म्हणजे पाण्याखालच्या खडकावर, मासेमारी करायची असेल तर नांगराची दोरी वरच्या कडीला घट्ट बांधत नाहीत. दोरी खाली नांगराच्या बुडाला बांधतात आणि वरच्या कडीला नुसती सुतळी.

"नांगर खडपात अडाकलो, काय आपण वोढतंव. जोर इलो काय सुतळी तुटता. मगे वोढ बुडाक लागता आणि नांगर उलटो होवन सुटता. सुतळेच्या जाग्यार जाड दोरी बांधलास तर? नांगर पण गेलो, दोरी पण गेली." त्यांनी सुतळी माझ्या हातात दिली. "ह्यां तुजा फ्यूज. आमचो बापूस बांधी तेवापासून आमका म्हायत हा. ता तू काल असा कित्याक सांगूक नाय?"

"मला सुतळी माहीत नव्हती, काका."

"हां. शाळेत शिकवणत नाय ता." आणि ते पहिल्यांदा हसले.

मग आम्ही कामाला लागलो. किती जोराला आरा वाकतो ते मी गणिताने काढलं. त्याच्या निम्म्या जोराला फळी तुटली पाहिजे, असं ठरवलं. त्यांनी लाकडाच्या दुकानांतून साधं पांढरं पाइन आणलं, पण उचललं ते निवडून. गाठ कुठे आहे, रेषा कुठे धावतात, हे बघून. वर त्यांनी एक गोष्ट केली जी माझ्या गणितात नव्हती. प्रत्येक फळीला मागच्या बाजूने, आऱ्यापासून चार बोटांवर, करवतीने एक उथळ खाच मारली.

"हय तुटात," ते म्हणाले. "खयपण तुटान कशी चलात? तुटताना पण शिस्त व्हयी."

गुरुवारी मी साहेबांना रिपोर्ट दिला. कारणाच्या रकान्यात लिहिलं होतं: चुकीचं लाकूड आणि गरजेपेक्षा जाड बोल्ट. कारागिराने विचारणा केली होती. ड्रॉइंग करणाऱ्याने जुन्या नोंदी न पाहता होकार दिला. खाली माझं नाव.

हानीसाहेबांनी शेवटपर्यंत वाचलं. चष्मा काढला.

"हे तू स्वतःहून लिहिलंस?"

"हो सर."

"मेस्त्रीने सांगितलं की त्याने स्वतः ठरवलं. माझ्यासमोर सांगितलं. तू तिथेच होतीस."

"हो. तेव्हा मी बोलायला हवं होतं."

"आता जबाबदारी आपल्यावर येते, कळतंय का? ऑफिसवर. वर्कमनशिप लिहिलं असतं तर ती मेस्त्रीच्या कंपनीवर गेली असती."

"आणि नव्या फळ्या पुन्हा सागवानाच्या झाल्या असत्या, सर."

खिडकीतून दस्मानच्या बाजूचा किनारा दिसतो, तिकडे ते वळले. मग म्हणाले, "सहा महिने तुझ्या ड्रॉइंगवर सही मी करीन. तुझी चालणार नाही." आणि रिपोर्टवर सही केली. त्यांनी एक शब्दही बदलला नाही. हे मी त्यांच्याबद्दल मुद्दाम लिहिते आहे.

बू नासरना सांगायला आम्ही तिघं, हानीसाहेब, मेस्त्री आणि मी, यार्डात जमलो. त्यांनी हानीसाहेबांचं इंग्रजी ऐकलं, माझं ऐकलं, आणि तोंड वाकडं केलं.

"म्हणजे लाकूड चांगलं होतं, म्हणून वाईट?"

"या जागेसाठी, सर."

"आणि सुट्टीची तारीख?"

"बेअरिंगचं घर बदलायला तीन आठवडे."

त्यांनी दोन्ही हात वर केले. पाहुणे बोलावले होते, छापील आमंत्रणं गेली होती. ते मेस्त्रींकडे वळले. "मिस्त्री, ये लडकी सच बोलता?"

मेस्त्रींनी सुतळी आणि लोखंडाचा तुकडा काढला आणि हिंदीत नांगराची गोष्ट सांगितली. बू नासर खाली उकिडवे बसले. सुतळी स्वतः बांधून पाहिली, ओढून तोडली. मग अरबीत काहीतरी पुटपुटले. हानीसाहेबांनी नंतर मला सांगितलं, ते म्हणाले होते की आजोबांनी हे मला शिकवलं होतं आणि मी विसरलो.

तीन आठवड्यांनी चाचणी घेतली. यार्डच्या आतल्या पाण्यात, चाक हळू फिरवत, क्रेनने एक ओंडका मुद्दाम चाकात सोडला. काडकन आवाज झाला. आजूबाजूचे कामगार ओरडले, कुणीतरी इंजिन बंद करा म्हणून धावला. फळी बरोबर खाचेवर तुटली होती, कापल्यासारखी. आरा सरळ. बेअरिंग ठीक. मेस्त्रींनी तुटलेला तुकडा पाण्यातून काढला, तुटलेली कड अंगठ्याने तपासली.

"बरो तुटलो," ते म्हणाले. मग शिडी लावून चाकावर चढले आणि चहा निवायच्या आत नवी फळी बसवली.

बोट मार्चच्या शेवटी सुरू झाली. सुट्टीची गर्दी गेली होती. पहिल्या महिन्यात दोन फळ्या गेल्या. एकदा कुणाचा तरी वाहून आलेला जाळीचा मासे पकडायचा सापळा चाकात आला होता, दोरीसकट. कॅप्टनने पाच मिनिटं बोट थांबवली. मागच्या डेकवरच्या एका कुटुंबाने त्याचा व्हिडिओ काढला, कार्यक्रमाचाच भाग समजून.

मेस्त्रींचा इकामा एका वर्षासाठी पुन्हा निघाला. दयेने नाही. तुटणाऱ्या फळ्या करायला, साठवायला आणि बदलायला बोटीवर एक माणूस लागतो, आणि खाच कुठे मारायची ते फक्त त्यांना माहीत आहे. सागवानाच्या फळ्या टिकल्या असत्या तर त्यांचं काम तिथेच संपलं असतं. हे मी त्यांना बोलून दाखवलं नाही. त्यांच्या लक्षात आलं असणारच. मुलगी शेवटच्या वर्षाला आहे. काढलेल्या सागवानाचं काय करायचं ते अजून ठरलं नाही. ते स्टोअरमध्ये ताडपत्रीखाली आहे आणि मेस्त्री अधूनमधून त्याला तेल लावतात.

माझी सही सहा महिन्यांनी परत मिळाली. आता मी ड्रॉइंगच्या प्रत्येक भागापुढे एक रकाना जास्त ठेवते: जोर जास्त आला तर हा भाग मोडायचा की टिकायचा. हानीसाहेबांना तो फाजील वाटतो, पण ते तो भरलेला आहे का ते तपासतात. आणि एखाद्या अनुभवी माणसाने मला काही विचारलं तर मी लगेच हो म्हणत नाही. जुने कागद बघून उद्या सांगते, असं म्हणते. बऱ्याच लोकांना ते उद्धट वाटतं. कामाला उशीरही होतो, साधारण एक दिवस.